शेंडा खुडण्याचा इतिहास

अंगणातल्या तुळशीला मंजिऱ्या धरू लागल्या की घरातली वडीलधारी मंडळी त्या खुडायला सांगतात. मंजिऱ्या राहू दिल्या तर तुळस उंच, किरकोळ आणि काटकुळी होते. खुडल्या तर तिला पानांचा गच्च फुटवा येतो. जळगाव-धुळे भागात हीच गोष्ट शेतावरही दिसते. हरभरा महिन्याभराचा झाला की बाया त्याचे कोवळे शेंडे खुडतात. त्या शेंड्यांची भाजी होते आणि झाडाला फांद्याही जास्त फुटतात. कपाशी फार उंच जाऊ लागली की तिचा शेंडा मारतात. मेहरूणच्या बोरीची तर उन्हाळ्यात चक्क छाटणी होते, आणि तिच्या नव्या फुटीवर पुढे बोरे लागतात.

वरचे थोडे काढले की खालचे पुष्कळ येते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण का? शेंडा तर वर आहे आणि फूट होते ती खाली, पानांच्या बगलेत. शेंडा गेल्याची बातमी खालच्या डोळ्याला कशी कळते? तोपर्यंत तो डोळा कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसलेला असतो? हा प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याच्या उत्तरामागे शास्त्रज्ञांच्या चार-पाच पिढ्या खपल्या आणि उत्तराचे शेवटचे धागे अजूनही जुळवणे चालू आहे. शिक्षकांना ही हकीकत दोन कारणांनी उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते. एक तर विज्ञानात उत्तर कसे घडत जाते हे तिच्यातून चांगले दिसते. दुसरे म्हणजे तिच्यातले काही महत्त्वाचे दुवे खानदेशातल्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या पिकांतून जातात.

१८८० साल

सुरुवात १८८० सालापासून करू. त्या वर्षी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा बारावा खंड प्रसिद्ध झाला. तेव्हा खानदेश हा एकच मोठा जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे होते. पूर्व व पश्चिम खानदेश अशी वाटणी पुढे १९०६ मध्ये झाली. जळगावजवळच्या असोदे गावी बहिणाबाईंचा जन्म झाला तोही १८८० मध्येच. शाळेचे तोंड न पाहताही ज्यांना पीकपाण्याची बारीक नजर होती, अशा पिढीच्या त्या प्रतिनिधी.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्या मदतीने वनस्पतींच्या हालचालींवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला एक प्रयोग आपल्या विषयाचे मूळ आहे. गवताचा अंकुर एका बाजूने येणाऱ्या उजेडाकडे वाकतो. डार्विन पितापुत्रांनी कॅनरी गवताच्या अंकुरांच्या टोकांवर अपारदर्शक टोप्या घातल्या. टोक झाकलेले अंकुर वाकले नाहीत. टोक उघडे ठेवून खालचा भाग झाकला, तर मात्र ते वाकले. वाकण्याची क्रिया टोकाच्या खाली होते, पण उजेड ओळखतो तो टोकाचा भाग. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी ‘प्रभाव’ पोहोचत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो प्रभाव म्हणजे काय, हे सांगण्याची साधने त्या काळी नव्हती.

अगरच्या वड्या

पुढची पायरी डेन्मार्कमध्ये चढली गेली. १९१० ते १९१३ या काळात बॉयसन येन्सन यांनी अंकुराचे टोक कापून, मध्ये जिलेटिनचा पातळ थर ठेवून ते पुन्हा बसवले. प्रभाव जिलेटिनमधून खाली पोहोचला. अभ्रकाचा तुकडा आडवा आला की तो अडे. म्हणजे हा प्रभाव पाण्यात विरघळून पुढे सरकणारा एखादा पदार्थ असावा. हंगेरीच्या पाल यांनी १९१९ च्या सुमारास कापलेले टोक खुंटावर एका बाजूला सरकवून ठेवले. उजेड नसतानाही अंकुर दुसऱ्या बाजूला वाकला, कारण टोकाखालच्या बाजूची वाढ जास्त झाली.

हा पदार्थ झाडाबाहेर काढून दाखवला तो नेदरलंड्समधील उट्रेख्ट येथे फ्रित्स वेंट या तेवीस वर्षांच्या तरुणाने, १९२६ मध्ये. त्याने ओटच्या अंकुरांची टोके कापून ती अगरच्या पातळ थरावर काही वेळ ठेवली. मग टोके फेकून दिली आणि अगरच्या छोट्या वड्या पाडून टोक नसलेल्या खुंटांवर कडेला ठेवल्या. खुंट वाकले. नुसत्या अगरच्या वडीने ते वाकत नव्हते. वडीत पदार्थ जितका जास्त तितका वाकण्याचा कोन मोठा, म्हणून कोन मोजून पदार्थाचे प्रमाणही काढता येऊ लागले. वाढीला कारण होणाऱ्या या पदार्थाला ‘ऑक्झिन’ हे नाव मिळाले.

ऑक्झिन रासायनिकदृष्ट्या काय आहे, याचा शोध रंजक आणि थोडा सावध करणाराही आहे. १९३० च्या दशकात उट्रेख्टमधल्याच एका रसायनशाळेने ‘ऑक्झिन अ’ आणि ‘ऑक्झिन ब’ असे दोन पदार्थ मिळवल्याचे जाहीर केले. १९३४ मध्ये तेथेच तिसरा पदार्थ मिळाला, तो इंडोल ॲसेटिक आम्ल. पुढे झाडांमध्ये सापडत राहिले ते हे तिसरेच. पहिले दोन जगात दुसऱ्या कोणालाही पुन्हा मिळाले नाहीत. अखेर १९६६ मध्ये जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हा ते भलतेच पदार्थ निघाले. तोपर्यंत कित्येक पाठ्यपुस्तकांतून ते शिकवून झाले होते. दुसऱ्याला तो प्रयोग करून तेच मिळते का, ही कसोटी विज्ञानात इतकी महत्त्वाची का मानतात, ते वर्गात सांगायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बाकल्याचा शेंडा

आता शेंडा खुडण्याकडे वळू. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग या दोघांनी १९३३-३४ मध्ये बाकल्याच्या रोपांवर प्रयोग केले. रोपाचा शेंडा कापला की बगलेतले डोळे वाढू लागतात, हे जुनेच ज्ञान. त्यांनी काही रोपांच्या कापलेल्या खुंटावर ऑक्झिन असलेल्या अगरच्या वड्या ठेवल्या आणि त्या वरचेवर बदलत राहिले. शेंडा नव्हता, तरी या रोपांचे डोळे गप्प राहिले. झाडाच्या दृष्टीने शेंडा म्हणजे ऑक्झिनचा अखंड झरा होता, आणि झरा चालू आहे तोवर खालच्यांनी वाढायचे नाही असा जणू शिरस्ता होता. यालाच शेंड्याचे वर्चस्व म्हणतात.

उत्तर मिळाले असे वाटले. पण त्यातून नवे कोडे निघाले. जो पदार्थ अंकुराला वाढवतो तोच डोळ्याला कसा रोखतो? त्यात पुढे किरणोत्सारी खूण लावलेले ऑक्झिन वापरून पाहिले, तर ते खोडातून खाली जात होते, पण गप्प बसलेल्या डोळ्यात साठत नव्हते. म्हणजे ऑक्झिन डोळ्याला स्वतः जाऊन रोखत नाही. त्याचा निरोप आणखी कोणीतरी नेत असावे. हे ‘आणखी कोणी’ शोधण्यात पुढची सत्तर वर्षे गेली.

नारळाचे पाणी आणि खानदेशची केळी

पहिला साथीदार सापडला तो वेगळ्याच वाटेने. वनस्पतींच्या पेशी काचेच्या नळीत वाढवण्याची धडपड तेव्हा चालू होती. १९४१ मध्ये धोतऱ्याचे अगदी लहान गर्भ वाढवताना व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की माध्यमात नारळाचे पाणी घातले की वाढ होते. नारळाच्या पाण्यात पेशींना विभागायला लावणारे काहीतरी होते. पुढे स्कूग (बाकल्याच्या प्रयोगातले तेच) विस्कॉन्सिनमध्ये कार्लोस मिलर यांच्याबरोबर याच शोधात होते. हेरिंग माशाच्या शुक्रपेशींपासून काढलेल्या डीएनएची एक जुनी बाटली त्यांना गुणकारी ठरली. ताजा डीएनए मात्र निरुपयोगी निघाला. तोच ताजा डीएनए दाबाखालच्या वाफेत तापवला की कामाला येई. त्यातून १९५५ मध्ये कायनेटिन वेगळे झाले. या गटाला आज सायटोकायनिन म्हणतात. झाडातले नैसर्गिक सायटोकायनिन १९६३ मध्ये मक्याच्या कोवळ्या दाण्यांतून मिळाले. झिया या मक्याच्या शास्त्रीय नावावरून त्याचे नाव झिॲटिन पडले.

१९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी दाखवले की माध्यमात ऑक्झिन जास्त असेल तर पेशींच्या गोळ्याला मुळे फुटतात, सायटोकायनिन जास्त असेल तर कोंब फुटतात. १९५८ मध्ये विक्सन आणि थिमन यांनी वाटाण्याच्या गप्प डोळ्याला कायनेटिन दिले, तर ऑक्झिन असूनही तो जागा झाला. एक संप्रेरक दाबणारे आणि दुसरे उठवणारे, असा हा तोल.

या तोलावर आज जळगाव जिल्ह्यातली केळीची मोठी लागवड उभी आहे. केळीचे आपण खोड म्हणतो ते खरे तर पानांच्या देठांची घट्ट गुंडाळी असते. खरा शेंडा जमिनीलगत, कंदात दडलेला असतो. म्हणून वरून कितीही पाने कापली तरी केळीचा शेंडा खुडला जात नाही. मूळ झाड जोमात असताना कंदाच्या डोळ्यांतून पिले कमी येतात, आणि आलेली पिले शेतकरी कापत राहतो, नाहीतर घडाचे अन्न वाटले जाते. पूर्वी लागवडीसाठी ही पिले म्हणजे मुनवेच वापरत. एका झाडापासून मिळतील तितकेच मुनवे, आणि त्यांच्याबरोबर मातीतले सूत्रकृमी व रोगही नव्या शेतात जात.

ऊतिसंवर्धनात कंदातला हा शेंडाच बाहेर काढतात आणि सायटोकायनिन भरपूर असलेल्या माध्यमात ठेवतात. त्याचे वर्चस्व मोडते आणि एका कोंबाच्या बुडाशी अनेक कोंब फुटतात. ते वेगळे करून पुन्हा वाढवतात. शेवटी ऑक्झिन देऊन मुळे फोडतात आणि सावलीगृहात रोपे बाहेरच्या हवेला सरावतात. माध्यमाचे प्रमाण बहुधा मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ मध्ये तंबाखूसाठी बसवलेलेच असते. १९९० च्या दशकात जळगावात ग्रँड नैन जातीची अशी रोपे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली आणि रावेर, यावल, चोपडा भागातल्या बागांचे रूप पालटले. तुळशीच्या मंजिरीवर बोटाने जे होते, तेच तत्त्व येथे बाटलीत रसायनाने साधले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील नाडगौडा, परशरामी आणि मस्कारेन्हस यांनी तर १९९० मध्ये, जो बांबू एरवी कित्येक वर्षांनी एकदाच फुलतो त्याच्या रोपांना काचेच्या नळीतच फुले आणली. त्यांच्या माध्यमात सायटोकायनिन होते आणि नारळाचे पाणीही.

मात्र या यशाची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. एकाच मातेपासूनची हजारो रोपे म्हणजे हजारो सारख्याच दुबळ्या जागा. मातृरोपात विषाणू असेल तर तोही रोपांबरोबर वाढतो. गेल्या काही वर्षांत जळगावच्या केळीबागांनी काकडीवरील मोझॅक विषाणूचा, शेतकऱ्यांच्या बोलीतल्या ‘सीएमव्ही’चा, फटका सोसला आहे. मावा हा त्याचा वाहक. ऊतिसंवर्धित रोपांच्या विषाणू-तपासणीची व प्रमाणपत्राची राष्ट्रीय व्यवस्था २००६ पासून आहे. रोपे घेताना त्या प्रमाणपत्राची विचारणा करणे, हे या साऱ्या विज्ञानाइतकेच मोलाचे आहे.

कपाशीची मुळे आणि टारफुला

दुसरा साथीदार सापडला तो ज्वारीचा शत्रू शोधताना. टारफुला हे तण ज्वारीच्या मुळांवर जगते. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळ योग्य मूळ आले की नेमके उगवते. मूळ जवळ आल्याचे त्याला कळते कसे? १९६६ मध्ये अमेरिकन संशोधकांनी टारफुल्याच्या बियांना जागे करणारा पदार्थ शुद्ध स्वरूपात मिळवला आणि त्याला स्ट्रिगॉल नाव दिले. गंमत अशी की तो मिळाला कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर टारफुला जगत नाही. तिच्या मुळांजवळ त्याचे बी उगवते आणि उपाशी मरते. ज्वारीनंतर कपाशी घेण्याच्या फेरपालटाचा हाही एक फायदा आहे.

पण कपाशी आपल्या उपयोगाचा नसलेला पदार्थ मातीत का सोडते? याचे उत्तर २००५ मध्ये जपानी संशोधकांनी दिले. मुळांशी सहजीवन करणाऱ्या आणि झाडाला स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला ते बोलावणे असते. टारफुला ते बोलावणे चोरून ऐकतो.

इकडे वाटाण्याच्या काही वाणांत फार फांद्या फुटतात असे आढळले होते. अशा वाणाचे कलम साध्या वाणाच्या मुळावर बांधले तर फांद्या आटोक्यात येत. म्हणजे मुळांकडून वर जाणारा, फांद्यांना रोखणारा एखादा निरोप असणार. २००८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, एक फ्रेंच-ऑस्ट्रेलियन आणि एक जपानी, दाखवून दिले की हा निरोप म्हणजे स्ट्रिगॉलच्याच कुळातले पदार्थ आहेत. त्यांना स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. खोडातून उतरणारे ऑक्झिन स्ट्रिगोलॅक्टोनची निर्मिती वाढवते आणि सायटोकायनिनची घटवते. शेंडा खुडला की हा तोल उलटतो.

याचा एक साधा अर्थ कुंडीतल्या तुळशीलाही लागू आहे. जमिनीत स्फुरद कमी पडले की कित्येक झाडे स्ट्रिगोलॅक्टोन जास्त बनवतात. बुरशीला बोलावतात आणि स्वतःच्या फांद्या आवरतात. उपाशी कुंडीत नुसते खुडत राहिल्याने झाड भरत नाही, ते का, हे येथे कळते.

गोडीचा प्रश्न

एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. वाटाण्याचा शेंडा कापला की बऱ्याच खालचा डोळाही काही तासांत हालचाल करू लागतो. खोडातले ऑक्झिन तेथे कमी होण्यापूर्वीच. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेसन, बेव्हरिज आणि सहकाऱ्यांनी सुचवले की पहिली चाल साखरेची असते. वाढता शेंडा पानांनी बनवलेली साखर ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर लगेच डोळ्यांकडे वळते आणि त्यांना जाग येते. संप्रेरकांचा तोल त्यानंतर ठरवतो की कोणता डोळा फांदी होणार. खरा क्रम आणि वाटे यांवर अजून काम चालू आहे.

बोट तेच, हेतू निराळे

आता खानदेशातली उदाहरणे पुन्हा पाहू. तुळस किंवा पुदिना कोवळा असताना शेंडा खुडला तर खालचे दोन डोळे जागे होतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार फांद्या होतात. फुलोऱ्याचा तुरा धरला की त्या शेंड्याला पाने येणे थांबते, म्हणून पाने हवी असतील तर तुरा लवकर काढावा. झेंडू-शेवंतीत सुरुवातीला खुडले तर फुले उशिरा येतात, जास्त येतात, पण लहान असतात. बोरीला फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून छाटणी. हरभऱ्यात खुडणीचा फायदा जमिनीत ओल असेल तरच. फूट आली आणि ओल संपली तर घाटे भरत नाहीत.

कपाशीत हेतू अगदी उलटा असतो. १९७० मध्ये सुरतला सी. टी. पटेल यांनी विकसित केलेल्या संकरित-४ पासून संकरित कपाशीचे युग सुरू झाले. भरपूर खत-पाण्यावर संकरित वाण उंच वाढतात. अडीच-तीन महिन्यांनी शेंडा मारतात तो फांद्या वाढवण्यासाठी नव्हे, तर वरची वाढ थांबवून अन्न बोंडांकडे वळवण्यासाठी. अलीकडच्या दादा लाड पद्धतीत तर खालच्या गळफांद्याही आधीच काढतात. कोथिंबीर-शेपूचा फुलोरा निघाला की खुडून फार काही साधत नाही, कारण झाडाचा कल बियांकडे वळलेला असतो. तेथे थोड्या-थोड्या दिवसांनी नवी पेरणी हाच उपाय. आणि नारळ-खजुरासारख्या एकाच शेंड्यावर जगणाऱ्या झाडाचा शेंडा काढला तर ते खोडच मरते. कोणते झाड, कोणत्या वयात आणि कशासाठी, हे न पाहता शेंडा खुडणे म्हणजे औषध न ओळखता डोस देणे.

बाटली आणि वर्ग

हे सारे मुलांना कशाला, असे कोणी विचारील. आज कृषी सेवा केंद्रात फुटवा वाढवणारी, फुले वाढवणारी अनेक ‘टॉनिके’ मिळतात. अशा जैव-उत्तेजकांना केंद्र सरकारने २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आणले. तरी शेवटी पैसे देऊन बाटली घेणारा शेतकरीच असतो, आणि तुमच्या वर्गातली पुष्कळ मुले त्याच्याच घरची आहेत. बाटलीचा गुण तपासायचा कसा, हे त्यांना शाळेत शिकता येते.

त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. सारख्या कुंड्यांत, एकाच मातीत वालाची सोळा रोपे वाढवा. पाच-सहा पाने झाली की चार गट करा. पहिल्या गटाला हात लावू नका. दुसऱ्याचा शेंडा खुडा. तिसऱ्याचा खुडून कापलेल्या जागी नुसते व्हॅसलिन लावा. चौथ्याचा खुडून, रोपवाटिकेत मिळणारी मुळे फोडण्याची पूड व्हॅसलिनमध्ये कालवून लावा; या पुडीत ऑक्झिनच असते. पूड शिक्षकांनी स्वतः हाताळावी, हात धुवावेत आणि या रोपांच्या शेंगा खाऊ नयेत. दर आठवड्याला फांद्या व पाने मोजा, पहिल्या फुलाची तारीख लिहा. शेवटी प्रत्येक गटाचे एकूण वजन करा, आणि खुडलेले शेंडेही त्यात धरा.

तिसरा गट कशाला, हे मुलांनाच विचारा. तो नसेल तर चौथ्या गटात जे झाले ते पुडीमुळे की व्हॅसलिनमुळे, हे सांगता येणार नाही. वेंट यांनी नुसत्या अगरची वडी ठेवून पाहिली ती याचसाठी. फांद्या वाढल्या म्हणजे एकूण वजनही वाढले का, की होते तेच वाटले गेले, हा दुसरा प्रश्न. बाटली विकणारा बहुधा फांद्या दाखवतो. वजन आपणच करायचे असते.

शेंडा खुडला की फूट येते हे कळायला शास्त्रज्ञाची गरज नव्हती. ते घराघरांत ठाऊक होते. ते का होते, कुठे होत नाही आणि कुठे उलट अंगावर येते, हे सांगण्यासाठी मात्र टोप्या घातलेल्या अंकुरांपासून कपाशीच्या मुळांपर्यंतचा हा प्रवास करावा लागला. त्यातला एक टप्पा सोळा कुंड्यांत, शाळेच्या व्हरांड्यात करून पाहता येतो.